शेपटीजवळची अक्षरं आधी वाचा

निपाणीहून परवा एका मुलाचा फोन आला. ओळख ना पाळख. "काकू, तुम्ही जर्मनीतल्या ग्लायडिंगचं पॅकेज घेतलं होतं असं कळलं. माणूस खात्रीचा आहे काय?" त्यानं अजून पैसे भरले नव्हते, भरायच्या बेतात होता. मी हातातलं काम ठेवलं आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तेच आता लिहून काढते. ग्लायडिंग म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातनं उडणं. ज्या पॅकेजात मी फसले त्याची पीडीएफ बेळगावातनं निपाणीपर्यंत गेली, म्हणजे चिकोडी, संकेश्वर, खानापुरातही गेली असणार.

आमचं उद्यमबागेत छोटं मशीन शॉप आहे. हायड्रॉलिकचे सुटे भाग करतो. मशीनवर हे असतात, हिशोब मी बघते. बिल असल्याशिवाय मी वॉशरसुद्धा आत घेत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण फसतात ती माणसं अडाणी असतात असं मीही समजत होते.

मुलगा आता सतरा वर्षांचा. लहानपणी येळ्ळूरच्या राजहंसगडावर नेलं की किल्ला सोडून हा तटावर बसायचा आणि घारी बघायचा. पंख न हलवता घार वर कशी चढते, हा त्याचा प्रश्न. चौदाव्या वर्षी मामानं त्याला पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला नेलं. ते सेंटर सरकारी आहे, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं. धावपट्टीच्या एका टोकाला विंच असतो. तो लांबलचक तार झपाट्यानं गुंडाळतो आणि इंजिन नसलेलं विमान पतंगासारखं वर खेचलं जातं. वर गेलं की तार सुटते आणि नुसता वाऱ्याचा आवाज उरतो. काही मिनिटांची ती फेरी. घरी आल्यावर रात्री जेवताना तो म्हणाला, "आई, खालनं गरम हवा लागली की सीट वर ढकलते, घारीला तसंच वाटत असणार." तेव्हापासून त्याच्या टेबलावर पुस्तकं कमी आणि थर्माकोलचे पंख जास्त.

वासरकुप्पे हे नाव त्याच्याच तोंडून मी शेकडो वेळा ऐकलं. जर्मनीतल्या हेसन राज्यात, फुल्डा शहराजवळ, ९५० मीटर उंचीचा गोलसर माथ्याचा डोंगर. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं जर्मनीत इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली, तेव्हा तिथली पोरं बिनइंजिनाची विमानं घेऊन या डोंगरावर जमली. १९२० साली तिथं पहिली स्पर्धा झाली. ग्लायडिंगचं माहेरघरच ते. जर्मनीतलं ग्लायडर म्युझियमही त्याच माथ्यावर आहे. बारावीच्या आधी एकदा तरी त्याला तिथं न्यावं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. त्याला न सांगता. डिसेंबरात त्याचा वाढदिवस असतो.

खानापूरला एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेला माणूस बोलता बोलता म्हणाला, की मी परदेशातल्या साहसी सहली करतो. पॅराग्लायडिंग, स्कायडायव्हिंग, ग्लायडिंग. बेळगावात ऑफिस आहे म्हणाला. मी वासरकुप्पेचं नाव काढलं तर लगेच, "वहिनी, तिथं तर आपलं टाय-अप आहे." आपलं. हा शब्द त्याच्या बोलण्यात सारखा यायचा. "आपल्या मराठी माणसाकडनं मी कमिशन घेत नाही." सीमाभागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. सरकारी कागद कानडीत, बँकेत बोलणं इंग्रजीत, आणि समोरचा घरातल्यासारखं मराठी बोलला की आपण अर्धा जीव त्याच्या हवाली करतो. मी केला. माझी पहिली चूक ती, आणि तिची मला आजही चीड येते.

सप्टेंबरात त्यानं पीडीएफ पाठवली. बर्फाचे डोंगर, निळंशार तळं, वर पांढरं ग्लायडर. आत लिहिलेलं: सात दिवस, रोज दोन उड्डाणं, शेवटी ग्लायडर पायलटचं लायसन्स. जानेवारीत गेलात तर सवलत. 'स्लॉट' धरायला ३८,००० रुपये भरले. ऑक्टोबरात क्लबची मेंबरशिप आणि इन्शुरन्स म्हणून ६२,०००. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचा घाईघाईचा फोन, व्हिसाची अपॉइंटमेंट आज सोडली तर जाईल, ४५,००० आत्ता टाका. टाकले. तिन्ही वेळा यूपीआयनं, आणि तिन्ही वेळा कुणा वेगळ्याच माणसाच्या नावावर. बिल मागितलं तर "सगळं झाल्यावर एकदम देतो". वॉशरचं बिल मागणारी मी, इथं गप्प बसले, कारण मुलाच्या कानावर जाईल म्हणून घरात कुणाशी मोठ्यानं बोलताही येत नव्हतं. ह्यांनाही अर्धवटच सांगितलं होतं.

वाढदिवसाला संध्याकाळी कुंदा आणला, ओवाळलं आणि फाइल त्याच्या हातात दिली. तो इतका हरखला की उभ्या उभ्याच उघडली. मग खाली बसला. पहिल्याच पानावर बराच वेळ थांबला. मला वाटलं, रडतोय. मग हळूच म्हणाला, "आई, हे जर्मनी नव्हे."

फोटोतल्या ग्लायडरच्या शेपटीजवळ अक्षरं होती. झेडके. प्रत्येक देशाच्या विमानाला ठरलेलं अक्षर असतं: आपल्याकडे व्हीटी, इंग्लंडला जी, जर्मनीला डी. जर्मन ग्लायडरवर डी आणि पुढे चार आकडे असतात. झेडके म्हणजे न्यूझीलंड. तो म्हणाला, हे ओमारामा असणार, दक्षिण बेटावरचं. तिथं १९९५ साली जागतिक स्पर्धा झाली होती, आणि तिथं जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. वासरकुप्पेवर असले टोकदार बर्फाचे डोंगर नाहीतच, हिरवी उतरण आहे आणि माथ्यावर जुन्या रडारचा पांढरा गोल घुमट. जानेवारीत त्या डोंगरावर लोक स्की खेळायला जातात. जर्मनीतले क्लब साधारण एप्रिल ते ऑक्टोबर उडवतात, कारण ऊन तापल्याशिवाय जमिनीवरून गरम हवा उठत नाही.

आणि लायसन्स. युरोपात ग्लायडरच्या लायसन्ससाठी किमान पंधरा तासांचं प्रशिक्षण आणि पंचेचाळीस वेळा उड्डाण-उतरण लागतं. लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी वेगळी. सात दिवसांत, रोज दोन फेऱ्यांनी, चौदा उड्डाणं होतात. हे गणित पोरानं मला बोटांवर करून दाखवलं. इतके महिने मी ती पीडीएफ रोज रात्री उघडून बघत होते, आणि एवढा साधा गुणाकार मला सुचला नाही.

त्याच रात्री त्यानं वासरकुप्पेवरच्या एका ग्लायडिंग शाळेला इंग्रजीत चार ओळींचा ईमेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तुमच्या नावानं इथं काहीही नोंदलेलं नाही, भारतात आमचा एजंट नाही, हिवाळ्यात आम्ही उडवत नाही. आणि पुढे चौकशी: मुलाचं वय किती, उंची किती, वजन किती, आईवडिलांची लेखी संमती देणार का? वजनाचा प्रश्न वाचून मला कसंसंच झालं. दोन आसनी ग्लायडरमध्ये प्रत्येक आसनाला वजनाची मर्यादा असते. एएसके-२१ हे शिकवण्याचं नेहमीचं ग्लायडर याच डोंगराच्या पायथ्याला पोपेनहाउझेन गावातल्या कारखान्यात बनतं, त्यात ती ११० किलो आहे. खरा उडवणारा पहिल्याच पत्रात वजन विचारतो. आमच्या माणसानं तीन महिन्यांत ते एकदाही विचारलं नव्हतं.

तिथल्या ग्लायडिंगची रीत मला आता कळली आहे, ती आधी कुणी सांगितली असती तर! बहुतेक ठिकाणी क्लब असतात, टूर कंपन्या नाहीत. शनिवार-रविवारी सभासद जमतात, ग्लायडर ढकलतात, विंच चालवतात, पाहुण्याला फेरी मारून आणतात. दिवस हवामानावर ठरतो, त्यामुळे तीन महिने आधी तासा-मिनिटाचा 'स्लॉट' विकणारा माणूस खोटाच. जर्मनीत पाहुण्याच्या उड्डाणाला श्नुपरफ्लुग म्हणतात आणि ग्लायडिंगला सेगेलफ्लुग. 'ग्लाइटशिर्म' लिहिलेलं दिसलं तर ते पॅराग्लायडिंग, कापडाच्या छत्रीचं. दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. इंग्लंडला ब्रिटिश ग्लायडिंग असोसिएशनकडे क्लबांची यादी असते, तिथं 'ट्रायल लेसन' मागायचं. लंडनच्या उत्तरेला डन्स्टेबलला १९३० पासूनचा क्लब आहे, हॅम्पशायरात लॅशमला फार मोठा. अमेरिकेत सोअरिंग सोसायटीची यादी. बहुतेक देशांत अशी राष्ट्रीय संघटना असते आणि क्लबांचे पत्ते तिच्याकडे मिळतात.

मुलानं मला आणखी एक दाखवलं, ते फारच उपयोगी आहे. जगभरचे पायलट आपली उड्डाणं ऑनलाइन कॉन्टेस्ट, म्हणजे ओएलसी, नावाच्या ठिकाणी चढवतात. विमानतळाचं नाव आणि तारीख घातली की त्या दिवशी तिथनं कोण कोण उडालं, किती किलोमीटर गेलं, सगळं दिसतं. मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यात तुमच्या जागेवरनं कुणी उडालं होतं का, हे बघून ठेवा. पैसे लागत नाहीत.

पोलिसांचं. रात्रीच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरावर, फोन केला. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी, ते कानडी, आमच्या टेबलावर बसून अडीच पानांची तक्रार कानडीत लिहून दिली. "अक्का, आधी शेवटच्या पैशांचं लिहू, ते अजून सापडतील," म्हणाले. त्यांचं खरं झालं. शेवटच्या ४५,००० पैकी २७,००० खात्यात अडकवता आले. आधीचा एक लाख केव्हाच पुढच्या खात्यांत गेला होता. अडकलेले पैसे परत मिळावेत म्हणून कोर्टात अर्ज दिला आहे. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली नोंदला गेला. त्याशिवाय जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. वकील न लावताही चालतं.

व्हिसाबद्दलही सांगते, कारण तिसरा हप्ता त्या नावाखाली गेला. शेंगेन व्हिसाची, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाची, सरकारी फी मोठ्या माणसाला ९० युरो आहे. अर्ज केंद्रात आपण स्वतः जायचं, बोटांचे ठसे द्यायचे, पावती आपल्या हातात येते. व्हिसा मिळवून देतो अशी खात्री देण्याचा अधिकार कुठल्याही एजंटला नाही.

पोरगं माझ्यावर एकदाही रागावलं नाही. उलट त्या रात्री मी स्वयंपाकघरात बसले होते, तर येऊन म्हणालं, "तू मला न विचारता घेतलंस म्हणून फसलीस. पुढच्या वेळी मिळून शोधू." मी त्याला धरून खूप रडले. आता त्या शाळेशी तोच पत्रव्यवहार करतो. ऑगस्टात या असं त्यांनी कळवलंय. पैसे तिथं पोचल्यावरच द्यायचे, आणि हवा नसली तर दुसऱ्या दिवशी थांबायची तयारी ठेवायची. आम्ही आता साठवतोय.

निपाणीच्या मुलाला मी फोनवरच पीडीएफ उघडायला लावली. "पहिल्या पानावरचं ग्लायडर मोठं कर. शेपटीजवळ काय लिहिलंय?" थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग त्यानं दोन अक्षरं वाचली. तीच होती. त्यानंही तक्रार द्यायचं कबूल केलं आहे. तुमच्याकडे ती पीडीएफ आली असेल आणि पैसे गेले असतील, तर तुम्हीही द्या. यूपीआयची पावती, चॅटचे स्क्रीनशॉट आणि ज्या नावावर पैसे गेले ती नावं जपून ठेवा. ती नावं आमच्याशी जुळली, तर तपास करणाऱ्या साहेबांना तो धागा हवाच आहे.