चाळीस हजार रोज की तीस लाखांची बोली?

ऋषभ पंतला २७ कोटी द्यायला हवे होते का, यावर २०२५ च्या आयपीएल मोसमात कट्ट्याकट्ट्यांवर भांडणं झाली. लखनौने नोव्हेंबर २०२४ च्या जेद्दाच्या मोठ्या लिलावात त्याला घेतलं, आणि १४ सामन्यांत त्याच्या धावा झाल्या २६९. त्यातल्या ११८ एकट्या शेवटच्या डावातल्या, तेही लखनौचं आव्हान संपल्यावर. पंजाबने २६ कोटी ७५ लाखांना घेतलेल्या श्रेयस अय्यरने ६०४ धावा केल्या आणि संघ अंतिम फेरीत नेला. कोलकात्याने २३ कोटी ७५ लाख मोजलेल्या व्यंकटेश अय्यरच्या धावा १४२. एक धाव किती लाखांना पडली, याचं गणित मग शेंबडं पोरही मांडत होतं.

मांडू द्या, त्यात मजा आहे. पण घरात सतरा-अठरा वर्षांचा मुलगा असतो, जिल्ह्याकडून किंवा राज्याच्या १९ वर्षांखालील संघातून खेळत असतो, आणि त्याचं पुढचं कायही याच आकड्यांवरून ठरायला लागतं, तिथे मला धास्ती वाटते. डिसेंबर २०२५ च्या अबुधाबीच्या लिलावात चेन्नईने प्रशांत वीर आणि कार्तिक शर्मा या दोन पोरांना प्रत्येकी १४ कोटी २० लाखांना घेतलं. दोघांचीही मूळ किंमत, म्हणजे जिथून बोली सुरू होते ती रक्कम, ३० लाख. तेव्हापासून बऱ्याच घरांत प्रश्न एकच आहे: चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये पोराची वर्षं घालवायची, की सरळ टी-२० च्या मागे लागायचं? आणि मध्येच नोकरी चालून आली तर?

निर्णय घ्यायचा तर वरचे आकडे बाजूला ठेवून खालचे बघावेत. तुमच्या मुलाची तुलना पंतशी नाही. रणजी करंडकात, म्हणजे चार दिवसांच्या देशांतर्गत स्पर्धेत, पहिल्यांदा उतरणाऱ्या मुलाला काय मिळतं आणि आयपीएलमध्ये मूळ किमतीला विकल्या जाणाऱ्याला काय मिळतं, तेवढंच बघायचं.

पैसा

रणजीत मानधन दिवसावर आहे. २०२१ मध्ये भारतीय क्रिकेट बोर्डाने ठरवलेल्या दरांप्रमाणे २० पर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला ४० हजार, २१ ते ४० सामन्यांच्या टप्प्यात ५० हजार, त्यापुढे ६० हजार. अंतिम अकरात नसलेल्या राखीव खेळाडूला याच्या निम्मे. साखळीतले सात सामने, प्रत्येकी चार दिवस, म्हणजे २८ दिवस. नवा मुलगा सगळे सामने खेळला तर ११ लाख २० हजार. संघ अंतिम फेरीपर्यंत गेला तर पाच-पाच दिवसांचे आणखी तीन सामने, म्हणजे एकूण ४३ दिवस आणि १७ लाख २० हजार. तीच मजल मारणाऱ्या जुन्याजाणत्याला २५ लाख ८० हजार.

आयपीएलमध्ये भारताकडून न खेळलेल्या मुलाची सगळ्यात कमी किंमत ३० लाख. २०२५ पासून त्यावर प्रत्येक सामन्याचे साडेसात लाख वेगळे मिळतात, इम्पॅक्ट प्लेयर म्हणून, म्हणजे सामन्यात मध्येच बदली म्हणून उतरला तरीही. चार सामने मिळाले की मूळ रकमेइतकीच रक्कम वर येते. साखळीतले चौदाही सामने मिळाले तर १ कोटी ५ लाख अधिक ३० लाख. एकही मिळाला नाही तरी दोन महिन्यांचे ३० लाख, म्हणजे रणजीच्या दोन-अडीच साखळी मोसमांइतकी रक्कम बाकावर बसून.

इथवर वाचून निर्णय झाल्यासारखा वाटेल. पण आता जागा मोजा. दहा संघ, प्रत्येकात जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यात आठपर्यंत परदेशी. परदेशी जागा भरल्या तर भारतीयांसाठी उरतात १७०. त्यातही भारताकडून खेळलेले बरेच. रणजीत ३८ संघ. नुसते अकरा-अकरा धरले तरी चारशेच्या वर मुलं खेळतात, आणि या राज्याच्या वाट्याला त्यातले तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. पुण्यात जागा नसेल तर नागपूर, हा पर्याय गुजरात सोडला तर दुसऱ्या कुठल्या राज्यातल्या मुलाला एवढ्या सहज नसतो.

मुंबईवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. मार्च २०२४ मध्ये, संघ ४२ व्यांदा रणजी जिंकला त्याच सुमारास, मुंबई क्रिकेट असोसिएशनने बोर्डाच्या रणजी मानधनाइतकीच रक्कम आपल्याकडून देण्याचं जाहीर केलं. वरच्या हिशेबात ती भर घातली की नव्या मुलाचे ११ लाख २० हजार दुप्पट होतात, आणि मग ३० लाखांचा तो आकडा तितकासा दूर राहत नाही.

किंमत आणि खेळ

चाहत्यांच्या वादात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: जास्त किंमत म्हणजे जास्त चांगला खेळाडू, आणि तो तसा खेळला नाही की त्याने फसवलं. लिलाव असा चालत नाही. जेद्दात प्रत्येक संघाकडे १२० कोटींची थैली होती, आणि ज्यांनी जुने खेळाडू कमी राखले त्यांच्याकडे खर्चायला जास्त होते. कर्णधारही हवा आणि यष्टिरक्षकही, अशी गरज दोन-तीन संघांची एकाच वेळी असली की हात खाली येत नाहीत. २७ कोटी हा पंतच्या फलंदाजीला दिलेला गुण नव्हता. त्या दुपारी किती जणांना तो हवा होता, एवढंच त्यातून कळतं.

मिचेल स्टार्कचं बघा. २०२४ साठी कोलकात्याने त्याला २४ कोटी ७५ लाखांना घेतलं. साखळीत त्याला इतका मार पडला की पैसे पाण्यात गेले असंच सगळे म्हणत होते. मग पहिल्या क्वालिफायरमध्ये तीन बळी, अंतिम सामन्यात १४ धावांत दोन, दोन्हीकडे सामनावीर, आणि करंडक कोलकात्याला. त्यानंतरच्याच लिलावात तो दिल्लीकडे गेला ११ कोटी ७५ लाखांना. करंडक जिंकून देऊन किंमत निम्म्याहून खाली. व्यंकटेश अय्यरला कोलकात्याने एका मोसमानंतर सोडला आणि बंगळूरने सात कोटींना घेतला. एका वर्षात माणूस सोळा-सतरा कोटींनी वाईट खेळायला लागत नाही.

खालच्या थरात हे जास्त बोचतं. २०२४-२५ च्या रणजी मोसमात विदर्भाचा डावखुरा फिरकीपटू हर्ष दुबे याने ६९ बळी घेतले. एका मोसमातला तो रणजीचा विक्रम, आणि विदर्भ विजेता. आयपीएलमध्ये त्याला बोलावणं आलं ते मोसम निम्म्याहून पुढे सरकल्यावर, जखमी खेळाडूच्या जागी, ३० लाखांना. त्याच्याच संघातला यश राठोड ९६० धावांसह त्या रणजी मोसमात सगळ्यांच्या पुढे होता, तो आयपीएलच्या एकाही संघात नव्हता. मुंबईचा सरफराज खान २०२४ मध्ये कसोटी खेळला, न्यूझीलंडविरुद्ध बंगळूरला १५० धावा केल्या, आणि त्याच वर्षीच्या मोठ्या लिलावात त्याच्यासाठी कुणी हात वर केला नाही. चेन्नईने त्याला घेतलं ते वर्षभराने, ७५ लाखांना.

रणजीतला पराक्रम लिलावात आपोआप वटत नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. नंतर सांगितलं की तो खचतो.

करार किती टिकतो

रणजीत बहुतेकांना वार्षिक करार नाही. खेळलात तर पैसे. गुडघा दुखावला, मोसम गेला, तर उत्पन्नही गेलं. या बाबतीत लाल चेंडूची, म्हणजे चार-पाच दिवसांच्या क्रिकेटची, बाजू लंगडीच आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आयपीएलचा करार निदान त्या मोसमापुरता हातात असतो, पण दर वर्षी संघ खेळाडूला सोडू शकतो. पृथ्वी शॉला दिल्लीने २०२२ मध्ये साडेसात कोटींना राखलं होतं. जेद्दात ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. नंतर तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला, ऑक्टोबर २०२५ मध्ये चंडीगडविरुद्ध त्याने रणजीत द्विशतक ठोकलं, आणि डिसेंबरमध्ये दिल्लीने त्याला पुन्हा घेतलं, त्याच ७५ लाखांना. परतीची वाट लाल चेंडूवरूनच गेली.

करुण नायरचंही तसंच. विदर्भाकडून रणजीत ८६३ धावा, एकदिवसीय विजय हजारे करंडकात ७७९. दिल्लीने ५० लाखांना घेतला, मुंबईविरुद्ध ४० चेंडूंत ८९ काढल्या, आणि २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात तो कसोटी संघात परतला.

तिसरा करार बोर्डाचा. एप्रिल २०२५ च्या यादीत खालच्या क श्रेणीला वर्षाला एक कोटी, ब ला तीन, अ ला पाच, त्यावरच्या अ+ ला सात. तुमच्या मुलासाठी हे लांबचं आहे, पण एक नियम माहीत असलेला बरा: करारकाळात तीन कसोटी, किंवा आठ एकदिवसीय, किंवा दहा टी-२० सामने खेळलेला आपोआप क श्रेणीत येतो, प्रमाणशीर रकमेसह. कसोटीचं मानधन १५ लाख, एकदिवसीयचं सहा, टी-२० चं तीन. त्यावर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या योजनेप्रमाणे मोसमातल्या निम्म्याहून जास्त कसोटी खेळणाऱ्याला सामन्यामागे ३० लाख आणि पाऊणहून जास्त खेळणाऱ्याला ४५ लाख वाढीव. कसोटी क्रिकेटमध्ये पैसा नाही, असं कुणी म्हणालं तर हे आकडे त्याच्यापुढे ठेवा.

तिन्ही करारांचा खेळ एकाच माणसात बघायचा तर श्रेयस अय्यर. फेब्रुवारी २०२४ मध्ये बोर्डाने त्याला यादीतून वगळलं. मार्चमध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात त्याने मुंबईकडून ९५ काढल्या. मे महिन्यात कोलकात्याचा कर्णधार म्हणून आयपीएल जिंकला, आणि जिंकूनही कोलकात्याने त्याला राखलं नाही. नोव्हेंबरात पंजाबने २६ कोटी ७५ लाख दिले. पुढच्या मार्चमध्ये चॅम्पियन्स करंडकात भारतातर्फे सर्वाधिक २४३ धावा, एप्रिलमध्ये पुन्हा बोर्डाचा करार, ब श्रेणी, तीन कोटी. सव्वा वर्षात एकाच फलंदाजाची किंमत शून्य, तीन कोटी आणि पावणेसत्तावीस कोटी. म्हणून कुणी मला अमक्याची "खरी किंमत" विचारली की मी आधी विचारतो, कुठल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने?

नोकरी

एके काळी मुंबईचा क्रिकेटपटू निरलॉन, मफतलाल, टाटा किंवा एअर इंडियाच्या जिवावर खेळायचा. गावसकर निरलॉनमध्ये होते. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि एकही कसोटी खेळले नाहीत. त्या काळात अशा माणसाला घर चालवायला हापिसाचाच पगार होता. आता कंपन्यांनी हात आखडता घेतलाय, पण रेल्वे आणि काही सरकारी खाती अजून खेळाडू घेतात.

रेल्वेचं एक लक्षात घ्या. तिचा स्वतःचा रणजी संघ आहे, आणि नोकरी घेतली की बहुधा त्यांच्याकडूनच खेळावं लागतं. मुंबईच्या अकरात जागा मिळत नसेल तर हे वरदानच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत विराट कोहलीचा त्रिफळा उडवणारा हिमांशू सांगवान रेल्वेचाच. मुलगा २२-२३ चा असेल, २३ वर्षांखालील संघात आत-बाहेर करत असेल, तर अशी नोकरी नाकारण्याआधी मी दहादा विचार करीन. १८ चा असेल तर घाई नको.

मग कुणी काय निवडावं

मुलगा फिरकी गोलंदाज किंवा वरच्या फळीतला तंत्रशुद्ध फलंदाज असेल तर लाल चेंडू सोडू नका. लांब स्पेल टाकल्याशिवाय फिरकी पिकत नाही. आयुष म्हात्रे बघा, विरारचा मुलगा. २०२४-२५ च्या रणजीत महाराष्ट्राविरुद्ध १७६, मग ऋतुराज गायकवाड जखमी झाल्यावर चेन्नईने त्याला ३० लाखांना बोलावलं, आणि बंगळूरविरुद्ध ४८ चेंडूंत ९४. चार दिवस खेळल्याने त्याची फटकेबाजी काही बोथट झाली नाही.

सहाव्या-सातव्या क्रमांकावर येऊन षटकार मारणारा, किंवा शेवटच्या षटकांत यॉर्कर टाकणारा असेल तर टी-२० आधी. त्यासाठी आता घरच्याच लीग आहेत: गहुंजेला महाराष्ट्र प्रीमियर लीग, मुंबईत टी-२० मुंबई, जामठ्याला विदर्भ प्रो टी-२०. निवडकर्ते तिथे येऊन बसतात. सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने २०२३ च्या पहिल्याच एमपीएलमध्ये नाशिककडून शतक ठोकलं आणि त्याच डिसेंबरात लखनौने त्याला २० लाखांना उचललं.

मुलींच्या बाबतीत हा तिढा जवळजवळ नाहीच. त्यांचं देशांतर्गत क्रिकेट मुख्यतः एकदिवसीय आणि टी-२० आहे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय संघातल्या मुलींचं सामन्याचं मानधन मुलांएवढं झालं. सांगलीच्या स्मृती मानधनाला महिला प्रीमियर लीगच्या २०२३ च्या पहिल्या लिलावात ३ कोटी ४० लाख मिळाले, तोवर ती एकदिवसीय सामन्यांत वर्षानुवर्षं खेळलेली होती.

अमुक तारखेला लिलाव आहे म्हणून डिसेंबरआधी सगळं सोडून नुसतं सिक्सर मारायला लावणाऱ्या कोचिंगवाल्यांपासून मात्र लांब राहा. लिलावासाठी नाव असोसिएशनमार्फत जातं. म्हणजे आधी त्या असोसिएशनच्या कुठल्यातरी संघात नाव लागावं लागतं, आणि १९ आणि २३ वर्षांखालच्या संघांच्या निवडीत तीन-चार दिवसांचे सामनेही बघितले जातात.