‘मेश’ म्हणून ७,३०० रुपयांना गळ्यात मारलेली डबी

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. तीस वर्षं लोकांचे हिशेब तपासण्यात गेली. आणि तरीही ७,३०० रुपये मी स्वतःच्या बोटांनी एका पोराच्या खात्यात टाकले.

नाशिकला आमचं रो-हाउस. राउटर खाली, टीव्हीच्या मागे; मुलीची खोली वर, मध्ये स्लॅब. तिची मीटिंग सारखी अडकायची. सोमवारी इंटरनेटवाल्या कंपनीकडे तक्रार नोंदवली आणि बुधवारी माणूस दारात. गळ्यात आयकार्ड, पाठीला सॅक. "काका, रेंजची तक्रार होती ना तुमची?" आता सांगा, कोण संशय घेईल? तक्रार ठाऊक होती मला आणि कंपनीला!

तुमच्या घराला मेशच लागेल म्हणाला, म्हणजे घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या, एकमेकींशी जोडलेल्या डब्या. डबीचे ६,८००, फिटिंगचे ५००. वरच्या खोलीत सॉकेटला लावली, निळा दिवा लागला आणि त्याने आपल्या मोबाइलवर स्पीड दाखवला: १८७ एमबीपीएस. मी चष्मा चढवून आकडा वाचला. फक्त आकडा! वर कोपऱ्यात ठळक ‘५जी’ लिहिलेलं होतं, वायफायची खूण नव्हतीच. स्वतःच्या सिमचा स्पीड दाखवत होता लेकाचा. तो कोपरा मला अजून रात्री दिसतो. माझा फोन माझ्याच खिशात होता हो! स्पीड बघायचा तर आपल्या फोनवर, डेटा बंद करून बघा.

"अहो, पक्कं बिल घ्या," हिने स्वयंपाकघरातून सांगितलं होतं. मी तिलाच गप्प केलं. बिल म्हणे मेलवर येणार होतं.

रविवारी जावई आले. त्यांनी डबीवरचं ‘१२००’ स्पीडचं स्टिकर नखाने सोललं, खाली ‘३००’. साधा रिपीटर (राउटरचं वायफाय पकडून पुढे फेकणारी डबी), तोही फक्त एकाच पट्ट्याचा, २.४ गिगाहर्ट्‌झचा. एकच रेडिओ ऐकणार आणि तोच बोलणार, म्हणजे स्पीड तिथेच निम्मा. बरं, लावला कुठे, तर जिथे मुळात रेंज नाही तिथे. नळाला पाणी नसताना पाइप लांबवून काय होणार? रिपीटर घ्यायचाच तर राउटर आणि खोली यांच्या मधे, जिथे रेंज अजून धड आहे तिथे लावा. आमचा प्लॅन २०० चा, वर मिळत होते ११. तीच डबी ऑनलाइन ६४९ रुपयांना दिसली. खोक्यावर ना एमआरपी, ना आयात करणाऱ्याचं नाव. हे तरी मी बघायला हवं होतं, धंदाच माझा तो.

मग सुरू झाली वारी. कंपनी म्हणते, तो आमचा माणूसच नाही. मग माझी तक्रार त्याला कळली कशी? यावर "सर, तुमचा फीडबॅक नोंदवला आहे". चौकीत दीड तास बाकावर. साहेब म्हणाले, वस्तू दिली ना त्याने? मग फसवणूक कसली, ग्राहक मंचात जा. बँकेत, "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो, मीच टाकला! बंदूक नव्हती लावली कोणी! हेल्पलाइनवर बिलाची प्रत मागतात. बिल असतं तर फोन कशाला केला असता? पोर्टलवरची तक्रार अठराव्या दिवशी ‘निकाली’. कोणी काढली निकालात, देव जाणे. तुम्ही मात्र पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेपोटी चार दिवस घालवले.

जावयांनी राउटर टीव्हीमागून काढून जिन्याच्या वळणावर ठेवला. फुकटात वर ४० मिळायला लागले. मग खालून वर कॅट-६ केबल ओढली, जुना राउटर तिच्यावर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेलं नेट वर वायफायने वाटायला, जोडला. केबल आणि क्लिपा मिळून ९४० रुपये.

आणि हो, त्या पोराने वायफायचा पासवर्ड वहीत लिहून नेला होता. माझ्या हे नवव्या दिवशी लक्षात आलं. तोवर बदलला नव्हता.