गोळ्या, दुर्बीण की थोडं थांबू? प्रोस्टेटचा निर्णय घेताना

आमचे आबा यावल तालुक्यातले, केळीवाले. रात्री चारदा लघवीला उठायचे, धार बारीक झालेली. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढून लघवीची वाट दाबत होती. त्या वाढीलाच लोक गाठ म्हणतात. विचारलं की म्हणायचे, "वय व्हयनं, चालसच." मग एका लग्नात सर्दीची गोळी घेतली आणि त्या रात्री लघवी पूर्ण तुंबली. पोट दगडासारखं झालं. पहाटेच जळगाव गाठलं, नळी घातली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. सर्दीच्या काही औषधांनी असं होऊ शकतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. लघवी तुंबली तर उजाडायची वाट पाहू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो.

तीन वाटा असतात. पहिली थांबण्याची. डॉक्टर सात प्रश्न विचारून 35 पैकी गुण देतात: 7 पर्यंत त्रास सौम्य, 19 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. सौम्य असेल तर थांबणं चुकीचं नाही, पण थांबायचं ते अधूनमधून तपासणी करत. संध्याकाळनंतर चहा-पाणी कमी करायचं. आपल्याकडची म्हातारी माणसं मात्र मे महिन्याच्या 45 अंशांत दिवसभराचंच पाणी तोडतात. त्याने मुतखडा होऊ शकतो, प्रोस्टेट काही लहान होत नाही.

गोळ्यांचे दोन प्रकार असतात आणि लोक त्यांत हमखास घोळ घालतात. टॅमसुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करते. काही दिवसांतच फरक जाणवतो, पण गाठ तशीच राहते. गोळी सोडली की बहुधा त्रास परत येतो. पहाटे झटकन उठलं तर चक्कर येऊ शकते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी घेता किंवा पूर्वी घेत होता, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. दुसरा प्रकार फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइडचा. या गोळ्यांनी गाठ साधारण पाव हिश्शाने आकसते, पण त्याला सहा महिने लागतात. गाठ मोठी असेल तरच त्यांचा खरा उपयोग. काहींची कामेच्छा कमी होते. शिवाय पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका तपासायचा रक्तातला आकडा, जवळपास निम्मा दिसतो. डॉक्टरला गोळी माहीत नसेल तर कॅन्सरची शंका नजरेआड होऊ शकते.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे टीयूआरपी. पोटावर चिरा नाही, कमरेत सुई देऊन भूल, गाठ आतून खरवडून काढतात. नळी दोन-तीन दिवस. लेझरने करतात ते होलेप. मोठ्या गाठीला ते बरं आणि रक्तस्राव कमी, पण त्याला यंत्र आणि सरावलेला हात लागतो. पारावर मात्र "पुरुषत्व जातं" अशी चर्चा असते. ताठरता सहसा जात नाही. वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं, आणि ते बहुतेकांना होतं. पन्नाशीच्या माणसाने हे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. नंतर काही आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे केळीचे घडही नाही. तातडी नसेल तर हंगाम बघून तारीख ठरवा.

मग निवडायचं कसं? लोक सोनोग्राफीचा कागद दाखवून गाठीचं वजन "साठ ग्रॅम" असं सांगतात. माझ्या मते ग्रॅमपेक्षा त्याच कागदावरचा दुसरा आकडा आधी वाचावा, लघवी करून आल्यावर आत किती उरली तो. मोठी गाठ कधी काहीच करत नाही, छोटी कधी जीव काढते. वारंवार तुंबत असेल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढत असेल, मूत्राशयात खडा असेल किंवा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल, तर गोळ्या बदलत बसू नये. लघवीतून रक्त एकदा दिसलं तरी तपासणी हवीच.

आबांना आधी टॅमसुलोसिन सुरू केली, तीन दिवसांनी नळी काढली. लघवी झाली, पण आत 200 मिली उरत होती. महिन्याने पुन्हा तुंबली, मग टीयूआरपी. आता रात्री एकदाच उठतात.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटून आपलं ऑपरेशन आणि ते रुग्णालय यादीत आहे का ते विचारा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथेही चौकशी करता येते. रेशनकार्ड आणि आधार पिशवीत आधीच टाका. आमचं कार्ड घरी राहिलं होतं, धाकटा भाऊ एसटीने परत गेला आणि दुपारी घेऊन आला.