स्वयंसेवी फायर कंपनी: टाउनशिपशी करार बरा, की स्वतंत्र फायर डिस्ट्रिक्ट?

न्यू जर्सीत घर घेतलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांना एक गोष्ट उशिरा कळते. मध्यरात्री आग लागली तर दारात येणाऱ्या बंबावरची माणसं पगारी असतीलच असं नाही. पलीकडच्या गल्लीतला सुतार, शाळेतली शिक्षिका, बँकेत नोकरी करणारा मुलगा, अशी माणसं पेजर वाजला की अंथरुणातून उठून आलेली असतात. एनएफपीए या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेच्या २०२० च्या अंदाजानुसार देशातल्या अग्निशामकांपैकी सुमारे ६५ टक्के स्वयंसेवक आहेत. पुण्यामुंबईत बंब पालिकेचा आणि जवानही पालिकेचे, त्यामुळे हा विषय आपल्या डोक्यात सहसा येत नाही. मग एके दिवशी कोणीतरी दारावर अर्ज घेऊन येतं, ‘फायर डिस्ट्रिक्ट व्हावा म्हणून सही कराल का?’ आणि आपण भलं काम समजून सही करतो.

आग विझवण्याची सोय इथे मुख्यतः दोन तऱ्हांनी होते. एक, टाउनशिप म्हणजे स्थानिक नगरपालिका स्वयंसेवकांच्या ना-नफा फायर कंपनीशी करार करते. दुसरी, स्वतःचे आयुक्त आणि स्वतःचा कर असलेला स्वतंत्र फायर डिस्ट्रिक्ट. सही करण्याआधी या दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात, म्हणून हे लिहीत आहे. टाउनशिपच्या समित्यांवर आता आपलेही लोक बसू लागले आहेत, त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

माझं मत आधीच सांगतो. गाव लहान असेल, कंपनी एकच असेल आणि टाउनशिपशी तिचं जमत असेल, तर करार पुरेसा आहे. टाउनशिप मोठी आणि पसरलेली असेल, दोन-तीन कंपन्या असतील आणि दर अंदाजपत्रकाला त्यांची ओढाताण होत असेल, तर फायर डिस्ट्रिक्टचा विचार जरूर करावा. मात्र दोन्ही बाबतीत पहिला प्रश्न एकच विचारायचा: बंब आणि स्टेशनची इमारत कोणाच्या नावावर आहे? बाकी सगळे वाद शेवटी याच प्रश्नावर येऊन थांबतात.

करारावर चालणारी कंपनी

ज्या नगरपालिकेचं स्वतःचं पगारी दल नाही, तिला न्यू जर्सीच्या कायद्याने स्वयंसेवी कंपनीशी करार करता येतो आणि दरवर्षी तिला रक्कम देता येते. कंपनी ना-नफा संस्था असते. तिची स्वतःची घटना, पोटनियम, अध्यक्ष आणि खजिनदार असतात. आगीवर जाताना मात्र तिचे सदस्य नगरपालिकेच्या देखरेखीखाली सरकारी काम करतात, असं कायदा मानतो. या एका वाक्याला फार महत्त्व आहे. त्यामुळेच जखमी झालेल्या स्वयंसेवकाला कामगार भरपाई मिळते, आणि तीही वरच्या दराने. त्याची रोजची नोकरी किती पगाराची आहे यावर ती ठरत नाही. बाहेर नोकरीच नसेल तर काय, यावर ब्रिजवॉटरमधलं एक प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१९ मध्ये निकाल स्वयंसेवकाच्या विरोधात लागला आणि नंतर विधिमंडळाला कायदा सुधारावा लागला. माझ्या मते ते योग्यच झालं. निवृत्त माणूस किंवा घर सांभाळणारी बाई आगीत शिरते, तेव्हा तिच्या जिवाची किंमत पगाराच्या स्लिपवरून ठरवायची नसते.

कराराची जमेची बाजू म्हणजे व्यवस्था हलकी असते. वेगळी निवडणूक नाही, वेगळा कर नाही, वेगळा हिशेबनीस आणि वकील नाही. करबिलावर ‘म्युनिसिपल’ या एकाच ओळीत सगळं येतं.

उणी बाजूही तीच. अंदाजपत्रकात फायर कंपनीची ओळ पोलीस, रस्ते आणि कचरा यांच्यामध्ये दबलेली असते. पैसे कमी पडले की कात्री तिथे सहज लागते, कारण स्वयंसेवक संपावर जात नाहीत. मग कंपनी पॅनकेक ब्रेकफास्ट, बिंगो, टी-शर्ट विक्री असं करत उरलेली रक्कम जमवते. लाखो डॉलरचा बंब पॅनकेकवर येत नाही.

आता करारनामा हातात घ्या आणि तीन जागी बोट ठेवून वाचा. पहिली जागा मालकीची. बंब कंपनीच्या नावावर आणि इमारतही तिचीच असेल, तर करार संपल्याच्या दुसऱ्या दिवशी टाउनशिपकडे आग विझवायला काहीही उरत नाही. उलट सगळं टाउनशिपचं असेल तर कंपनीकडे फक्त माणसं राहतात. यातलं काहीही चूक नाही, पण कागदावर लिहिलेलं हवं. दुसरी जागा हिशेबाची: दिलेल्या पैशांचा तपशील कंपनीने कधी आणि कोणत्या स्वरूपात द्यायचा. तिसरी जागा कंपनी विसर्जित झाली तर काय, याची. सार्वजनिक पैशातून घेतलेली साधनं कोणाकडे जाणार? जुन्या करारांत हे तिसरं कलम बऱ्याचदा नसतंच, कारण करार लिहिताना कंपनी कधी बंद पडेल असं कोणाच्या मनातही आलेलं नसतं.

फायर डिस्ट्रिक्ट

न्यू जर्सीत फायर डिस्ट्रिक्ट हे स्वतंत्र स्थानिक सरकार असतं. नोंदणीकृत मतदारांपैकी ५ टक्के किंवा २० मतदार, यांतला जो आकडा मोठा असेल तितक्यांच्या अर्जावर टाउनशिप तो स्थापन करू शकते. पाच आयुक्त निवडून येतात, मुदत तीन वर्षांची. त्यांना कर बसवता येतो आणि तो करबिलावर वेगळ्या ओळीत दिसतो. पिस्कॅटवे किंवा मनरोसारख्या टाउनशिपमध्ये एकापेक्षा जास्त डिस्ट्रिक्ट आहेत. त्यामुळे एकाच टाउनशिपमधल्या दोन मित्रांचा फायर टॅक्स वेगवेगळा असतो.

या व्यवस्थेचं मला सगळ्यात आवडतं ते हे की पैसा त्याच कामासाठी बांधलेला राहतो. आयुक्तांना पुढच्या दहा वर्षांचा विचार करता येतो: कोणता बंब कधी बदलायचा, श्वसनयंत्रांचे सिलिंडर कधी बाद होणार, स्टेशनचं छप्पर कधी घालायचं. मोठी खरेदी करायची तर मतदारांची परवानगी लागते, आणि कर्ज काढायचं तर राज्याच्या लोकल फायनान्स बोर्डासमोर जावं लागतं. दरवर्षी लेखापरीक्षण होतं. करवाढीला २ टक्क्यांची मर्यादाही लागू आहे.

मतदानाची बाजू मात्र इतकी भक्कम नाही. पारंपरिक निवडणूक फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी असते आणि त्याच दिवशी अंदाजपत्रकावरही मत द्यायचं असतं. हिवाळ्यातल्या त्या शनिवारी मतदानाला येतं कोण? बहुधा कंपनीचे सदस्य, त्यांच्या घरचे आणि मोजके जागरूक नागरिक. पाच आयुक्तांपैकी बहुसंख्य त्याच कंपनीचे सदस्य असले, तर पैसे मागणारा आणि मंजूर करणारा एकच होतो. हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण नुसत्या हेतूच्या भरवशावर कर बसवू नये. २०१७ च्या कायद्याने निवडणूक नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीला जोडायची मुभा दिली. तसं केलं की मतदान वाढतं, मात्र करमर्यादेच्या आत बसणाऱ्या अंदाजपत्रकावर मतदारांचा थेट कौल घेतला जात नाही. मला विचाराल तर मी नोव्हेंबरच्या बाजूने आहे. शंभर-दोनशे लोकांनी अंदाजपत्रक मंजूर करण्यापेक्षा हजारोंनी आयुक्त निवडलेले बरे.

माहिती मिळण्याच्या बाबतीत डिस्ट्रिक्टचं पारडं जड आहे. सॉमरसेट काउंटीतल्या फ्रँकलिन फायर डिस्ट्रिक्ट क्रमांक १ च्या प्रकरणात एका नागरिकाने डिस्ट्रिक्टमधल्या स्वयंसेवी कंपनीची घटना आणि पोटनियम मागितले होते. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डिस्ट्रिक्ट ही सार्वजनिक संस्था आहे आणि आपल्या देखरेखीखालच्या कंपनीचे असे कागद मिळवून देणं तिचं काम आहे. नुसत्या कंपनीला मात्र न्यायालयाने सार्वजनिक संस्था मानलं नाही.

एक इशाराही द्यायला हवा. डिस्ट्रिक्ट बनवणं सोपं आहे, मोडणं अवघड. कर्ज, मालमत्ता, निवृत्तिलाभ आणि पगारी कर्मचारी असतील तर त्यांच्या नोकऱ्या, सगळं कोणाच्या तरी गळ्यात घालावं लागतं. ‘करून तर बघू’ म्हणून सही करायची ही गोष्ट नाही.

हडसन आणि डेलावेअर नद्यांपलीकडे

न्यूयॉर्कमध्ये, म्हणजे लाँग आयलंडला किंवा वेस्टचेस्टरला राहायला गेलात, तर नावं फसवतात. तिथे ‘फायर डिस्ट्रिक्ट’ आणि ‘फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात निवडून आलेले पाच आयुक्त, मुदत पाच वर्षं, मतदान डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सहा ते नऊ. आयुक्त झाल्यावर २७० दिवसांत प्रशिक्षण घेणं बंधनकारक आहे, आणि हा नियम न्यू जर्सीने उचलावा असं मला मनापासून वाटतं. दुसरी गोष्ट म्हणजे नकाशावर आखलेला भाग. तिला स्वतःचं मंडळ नाही. टाउन बोर्डच जाहीर सुनावणी घेऊन जवळच्या गावाशी, डिस्ट्रिक्टशी किंवा नोंदणीकृत फायर कंपनीशी जास्तीत जास्त पाच वर्षांचा करार करतं आणि त्या भागातल्या घरांवर कर लावतं.

करार आणि डिस्ट्रिक्ट यांच्यामधली ही वाट न्यू जर्सीकराला ओळखीची नाही, आणि लहान वस्तीसाठी ती छान आहे. खर्च कोणासाठी होतो तेही दिसतं आणि नवं सरकारही उभं राहत नाही. शिवाय न्यूयॉर्कमध्ये डिस्ट्रिक्ट मोडायचाच ठरला, तर २०१० पासून लागू असलेल्या कायद्याने नागरिकांना तो प्रश्न स्वतः मतदानाला आणता येतो. साधारणपणे १० टक्के मतदारांच्या सह्या पुरतात.

पेनसिल्व्हेनियाची गोष्ट वेगळ्या तऱ्हेची आहे. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिनने डिसेंबर १७३६ मध्ये युनियन फायर कंपनी काढली आणि सदस्यांनी चामड्याच्या बादल्या व पिशव्या स्वतः बाळगायच्या असा नियम केला. ती स्वावलंबी वृत्ती तिथल्या कंपन्यांत अजून आहे. बंब त्यांचा, इमारत त्यांची, निर्णयही त्यांचे. २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन आग आणि आपत्कालीन वैद्यकीय सेवा मिळतील हे पाहण्याची जबाबदारी टाउनशिपवर टाकली गेली, पण ‘कशी आणि किती’ हे टाउनशिपनेच ठरवायचं. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या कंपनीने खर्चाचा बाबवार हिशेब दिल्याशिवाय पुढच्या वर्षीच्या रकमेचा विचार करता येत नाही. हे कलम मी कुठल्याही करारात डोळे झाकून उतरवून घेईन. राज्याबाहेरच्या विमा कंपन्यांच्या आगविम्यावरचा २ टक्के कर तिथे अग्निशामकांच्या मदतीसाठी असलेल्या रिलीफ असोसिएशनला जातो, आणि त्याची तपासणी राज्याचे महालेखापरीक्षक करतात. तरी माणसं टिकली नाहीत. १९७०च्या दशकात सुमारे तीन लाख असलेले स्वयंसेवक ३८ हजारांवर आल्याचं २०१८ च्या विधिमंडळ आयोगाच्या अहवालात नोंदवलं आहे. आधी बंब नवा घ्यायचा की आधी माणूस टिकवायचा, असा वाद तुमच्या गावात निघाला तर हा आकडा समोर ठेवा.

नवी कंपनीच काढायची असेल तर

शक्यतो काढू नका. न्यू जर्सीत डिस्ट्रिक्टच्या हद्दीत कंपनी काढायची तर आयुक्तांकडे लेखी अर्ज करावा लागतो. अर्जदार तिथलेच रहिवासी आणि प्रौढ असावे लागतात, डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि सुनावणीनंतर निर्णय होतो. न्यूयॉर्कमध्ये नोंदणीच्या कागदावरच स्थानिक मंडळाची संमती हवी. हे अडथळे मुद्दाम ठेवले आहेत आणि ते रास्त आहेत.

एकच कारण मला पटतं: अंतर. घर सर्वात जवळच्या स्टेशनपासून रस्त्याने पाच मैलांपेक्षा दूर असेल, तर विमा कंपन्या वापरतात त्या आयएसओ या संस्थेच्या अग्निसंरक्षण वर्गवारीत ते सहसा शेवटच्या, दहाव्या वर्गात जातं आणि हप्ता वाढतो. तिथेसुद्धा जुन्या कंपनीचं उपस्टेशन काढणं नव्या कंपनीपेक्षा बरं. पाट्या दोन झाल्या तरी माणसं तेवढीच राहतात.

आणि प्रश्न माणसांचाच आहे. एनएफपीए १७२० हे मानक सांगतं की मध्यम दाटीच्या उपनगरात दहा मिनिटांत दहा जण पोहोचले पाहिजेत, तेही दहापैकी आठ वेळा. रात्री हे जमतं. मंगळवारी दुपारी दोन वाजता, जेव्हा अर्धं गाव ऑफिसात असतं, तेव्हा किती जण येतात? दिवसा चार पगारी माणसं ठेवून रात्र स्वयंसेवकांवर सोपवायची असेल, तर व्यवस्था चालवणाऱ्यावर पगार, पेन्शन आणि वेळापत्रक यांचा भार येतो. तो टाउनशिपला किंवा डिस्ट्रिक्टला पेलतो, नुसत्या करारावरच्या कंपनीला फार काळ पेलत नाही. माझा कल मोठ्या टाउनशिपमध्ये डिस्ट्रिक्टकडे झुकतो तो मुख्यतः यामुळे. स्वयंसेवकांना टिकवण्यासाठी लोसॅप ही सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या रकमेची योजना न्यू जर्सीत १९९७ पासून आहे, पण तीही मतदारांच्या मंजुरीनेच सुरू होते. तुमच्याकडे ती आहे का, तेही विचारा.

तेव्हा सही मागणाऱ्याला थोडं थांबवा. टाउनशिपच्या क्लार्ककडे सार्वजनिक माहितीच्या कायद्याखाली, म्हणजे ओप्राखाली, अर्ज टाका आणि चार गोष्टी मागा: चालू करारनामा, बंबांच्या आणि इमारतीच्या मालकीचे कागद, मागच्या तीन वर्षांचे हिशेब, आणि दिवसा व रात्री आलेल्या प्रत्येक कॉलला किती जण किती मिनिटांत पोहोचले याची नोंद. उत्तरासाठी क्लार्कला सर्वसाधारणपणे कामाचे सात दिवस मिळतात.