पक्क्या बिलाविना घेतलेले ब्रेक पॅड

ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवण्याच्या दिवसासाठी, मुंबईत ब्रेक पॅड शोधणाऱ्यांनी हे वाचावे, म्हणून माझी फसवणूक तपशीलवार लिहीत आहे. पैसे गेले त्याचे वाईट वाटतेच, पण मला विकला गेलेला माल आज आणखी कोणाच्या तरी गाडीत बसलेला असेल, हा विचार मला अधिक छळतो.

माझी गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे. ब्रेक पुढे डिस्कचे, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला पॅड दोन्ही बाजूंनी आवळतात; मागे ड्रम. आठवडाभर ती चेंबूर ते बीकेसी अशी गर्दीत रखडत चालते आणि वर्षातून एक-दोनदा मी ती ट्रॅकवर नेतो. डिसेंबर 2023 मध्ये मी कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर एका ट्रॅक डेसाठी नाव नोंदवले. जुन्या पिढीतले रेसर एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक जेमतेम 2.1 किलोमीटरचा आहे, त्यामुळे ब्रेकना उसंत मिळत नाही. माणसासकट 1,200 किलोची गाडी ताशी 120 वरून 50 वर आणली, तर एका ब्रेकमध्ये इतकी उष्णता निर्माण होते की तेवढ्यात पावणेदोन लिटर नळाच्या पाण्याला उकळी यावी. ही उष्णता, तीही बहुतेक पुढच्याच दोन चाकांवर, फेरीमागून फेरी साठत जाते. रस्त्यावरच्या साध्या पॅडची पकड साधारण साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे ढासळू लागते, म्हणून मला वेगळे पॅड हवे होते.

वेगळे म्हणजे कोणते, इथेच खरी अडचण आहे. अस्सल रेसिंगचे पॅड गार असताना नीट धरत नाहीत. सकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना समोर मूल आले तर त्या पहिल्या ब्रेकचा भरवसा नसतो. मला तर त्याच पॅडवर मुंबईहून बाराशे किलोमीटर रस्त्याने जायचे होते. त्यामुळे रस्ता आणि हलका ट्रॅक या दोन्हींच्या मधल्या मिश्रणाचे पॅड हवे होते. अशा पॅडची किंमत ऑपेरा हाउसच्या दोन दुकानांत विचारली; पुढच्या जोडीचे सोळा हजारांच्या आसपास सांगितले गेले आणि माल यायला तीन आठवडे लागतील असेही. माझ्याकडे दोनच आठवडे होते.

एका ओळखीच्या माणसाने एक व्हॉट्सअॅप नंबर दिला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता, गाड्यांविषयी भरभरून बोलत होता आणि माझ्या गाडीच्या कॅलिपरची (पॅड दाबणाऱ्या भागाची) त्याला अचूक माहिती होती. नामांकित युरोपीय कंपनीचे पॅड, दुबईमार्गे आलेले, साडेदहा हजार रुपये, दोन दिवसांत हातात. पक्के बिल मागितले तेव्हा तो म्हणाला, ‘‘बिल पाहिजे तर 28 टक्के जीएसटी वर लागेल, साहेब. तुमचाच तोटा.’’ मी बिल सोडून दिले आणि यूपीआयने पूर्ण रक्कम आगाऊ भरली. माझी पहिली आणि सर्वांत मोठी चूक ती होती.

डबा सुरेख होता. होलोग्राम होता, सील होते. पॅडच्या कडेवर ‘जीजी’ अशी अक्षरे होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : अमेरिकेतल्या एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या पद्धतीत पहिले अक्षर साधारण तापमानातले घर्षण आणि दुसरे तापलेल्या पॅडचे घर्षण दाखवते, ई म्हणजे 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45 आणि जी म्हणजे 0.45 ते 0.55. परंतु ती चाचणी सुमारे 343 अंशांपर्यंतच जाते, त्यामुळे त्या अक्षरांवरून ट्रॅकवरचे काहीच सिद्ध होत नाही. शिवाय डब्यावर युरोपच्या आर-90 नियमाचे चिन्ह होते आणि त्याच्याच खाली ‘0 ते 900 अंश’ असेही छापलेले होते. आर-90 हा रस्त्यावरच्या बदली पॅडसाठीचा नियम आहे. अशा पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आत असावी लागते. निव्वळ ट्रॅकसाठीच्या पॅडवर ते चिन्ह सहसा नसते. शून्य अंशावरही धरणारा, नऊशे अंशांवरही धरणारा आणि वर आर-90 मान्यताही असलेला पॅड ही एकमेकांशी न जुळणारी वचने आहेत, हे मला तेव्हाच उमगायला हवे होते.

आमच्या मिस्त्रींना ते पॅड माझ्याआधी खटकले. त्यांनी एक पॅड हातात घेऊन बॅकिंग प्लेटवरून, म्हणजे पॅडच्या पाठीच्या पोलादी पट्टीवरून, अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘‘साहेब, नंबर ठोकलेला नाही. नुसता छापलाय.’’ त्या पट्टीवर बऱ्याच कंपन्या मिश्रणाचा किंवा बॅचचा क्रमांक ठोकून उमटवतात. इथे रंगावर पांढऱ्या शाईने तो छापला होता. मी विक्रेत्याला फोटो पाठवला, त्यावर ‘‘नवीन लॉट आहे, कंपनीने पद्धत बदलली’’ असे उत्तर तत्काळ आले आणि मला ते पटले, कारण पटवून घ्यायचे होते. मिस्त्रींनी पॅड बसवले, ब्रेक ऑइल बदलून नवे डॉट-4 प्रतीचे भरले आणि जुने पॅड कागदात गुंडाळून माझ्या नको म्हणण्याकडे लक्ष न देता डिकीत ठेवले. त्यांचे ते ऋण मी विसरणार नाही.

नवे पॅड डिस्कवर बसण्यासाठी (याला बेडिंग म्हणतात) नवी मुंबईतल्या एका मोकळ्या रस्त्यावर पहाटे ताशी 60 वरून 10 पर्यंत दहा वेळा गाडी हळू केली. जळक्या राळेचा वास आला. थोडा वास नव्या पॅडला येतोच, परंतु हा वास ट्रॅककडे जाताना कोल्हापूर आले तरी गेला नाही. विक्रेत्याचे म्हणणे एकच : ‘‘अजून बेडिंग झाले नाही.’’

करीवर पहिल्या सत्रात दोन फेऱ्या मी हळूच मारल्या. तिसऱ्या फेरीत सरळ पट्ट्याच्या शेवटी नेहमीच्या खुणेवर ब्रेक दाबला आणि पेडल दगडासारखे कडक लागले, पण गाडीचा वेग उतरेना. मी दोन्ही पायांचा जोर दिला. गाडी वळणाच्या बाहेर सरळ मातीत गेली, धुळीत पंधरा-वीस मीटर घसरली आणि थांबली. मागे कोणी नव्हते, पुढे भिंत नव्हती. एवढ्यावर निभावले.

या लक्षणाचा अर्थ प्रत्येकाने लक्षात ठेवावा. ब्रेक ऑइल उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जाते. पेडल कडक राहूनही गाडी थांबत नसेल, तर बहुधा दाब पोहोचतो आहे आणि पॅडच धरत नाहीत. माझे ऑइल नवे होते आणि पेडल कडक होते. दोष कुठे आहे, हे चाक काढण्याआधीच कळले होते.

पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या उभ्या करण्याच्या जागेत, गाडी गार झाल्यावर पॅड बाहेर काढले. पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता. डाव्या चाकाच्या आतल्या पॅडचे एक टोक भाकरीच्या कडेसारखे तुटून आले होते आणि त्याच कोपऱ्यात लायनिंग, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, प्लेटवरून सुटले होते. त्या फटीत मी नख घालू शकलो. उष्णतेने प्लेटचा काळा रंग पापुद्र्यांसारखा सुटला होता. त्याखाली ग्राइंडरच्या तिरप्या रेघा आणि त्या रेघांमधून अर्धवट वाचलेला, ठोकलेला एक 7 दिसत होता. म्हणजे कुठलेतरी साधे, स्वस्त पॅड घेऊन त्यांचा क्रमांक घासून काढला होता, वर रंग मारला होता आणि नवी अक्षरे छापली होती. मुंबईत परतल्यावर नेलपॉलिश काढण्याचे द्रावण कापसावर घेऊन कडेची ‘जीजी’ पुसली. दोनदा फिरवताच ती गेली.

जुने पॅड बसवून, पुढची सत्रे सोडून मी रस्त्याने परत आलो. बोरघाट उतरताना डिकीतल्या त्या कागदी पुडक्याचे मोल कळले.

विक्रेत्याला सगळे फोटो पाठवले. तो आधी म्हणाला की ट्रॅकवर वापरलेल्या मालाला वॉरंटी नसते. ट्रॅकसाठीच विकलेल्या मालाविषयी हे उत्तर! नंतर म्हणाला की मिस्त्रीने चुकीचे बसवले. तिसऱ्या दिवशी त्याने मला ब्लॉक केले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण विक्रेत्याचे दुकान, पत्ता, जीएसटी क्रमांक यांतले माझ्याकडे काहीच नव्हते. होता तो एक मोबाइल नंबर आणि यूपीआयवरचे एक नाव. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही आणि दोन वर्षांपर्यंत दावा करता येतो, परंतु नोटीस पाठवायला पत्ता लागतो. सायबर तक्रारीच्या 1930 क्रमांकावरही कळवले, पण तोवर तीन आठवडे उलटले होते. अशा तक्रारीत पहिले काही तासच मोलाचे असतात, कारण पैसे दुसऱ्या खात्यात वळण्याआधी ते गोठवता येतात. साडेदहा हजारांतला एक रुपयाही परत आला नाही.

आता मी पॅड फक्त कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून, पक्क्या बिलावर घेतो आणि बिलावर पार्ट नंबर लिहून घेतो. पॅड बसवण्याआधी बॅकिंग प्लेटचा क्रमांक आणि बॅच यांचे फोटो कंपनीला ईमेलने पाठवून खात्री करतो. तीन आठवडे लागले तर ट्रॅक डे सोडतो. काढलेल्या पॅडची धूळ हवेच्या पाइपने उडवणेही मी बंद करवले आहे, कारण निनावी लायनिंगमध्ये काय कालवले आहे, हे कोणीच सांगू शकत नाही.

गेल्या पावसाळ्यात ठाण्याच्या एका गृहस्थांनी मला त्यांच्या पॅडचा फोटो दाखवला. तोच डबा, तीच पांढरी शाई. ते ट्रॅकवर कधीच जात नाहीत. चांगले पॅड म्हणून घरच्या गाडीला बसवले होते आणि त्याच गाडीतून मुलींना रोज घोडबंदर रोडने शाळेत सोडत होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पॅड काढून घेतले आणि मिस्त्रींसमोर प्लेटचा रंग खरवडला. खाली ग्राइंडरच्या रेघा होत्या. तुमच्याकडे असे पॅड असतील, तर चाक काढा, प्लेटवरून अंगठा फिरवा आणि क्रमांक हाताला लागला नाही तर कंपनीकडून खात्री होईपर्यंत त्या पॅडवर गाडी चालवू नका.