साधं पॅक्लिटॅक्सेल की नॅनोचं? मायच्या सहा डोसांवरून

मायला पहिले तीन डोस साध्या पॅक्लिटॅक्सेलचे, म्हणजे केमोच्या एका औषधाचे झाले, पुढचे तीन नॅनोचे, म्हणजे नॅब-पॅक्लिटॅक्सेलचे. आजार स्तनाचा कॅन्सर, पसरलेला. एकाच माणसावर दोन्ही पाहिली, तेवढ्या आधारावर लिहितोय. तुमच्या पेशंटचं वेगळं असू शकतं.

मूळ औषध दोन्हींत एकच. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून साध्या प्रकारात एरंडेलापासून केलेलं क्रेमोफोर नावाचं द्रावक आणि अल्कोहोल वापरतात. बांधावरचा एरंड इथवर येऊन पोचला असेल हे मला ठाऊकच नव्हतं. त्या द्रावकाची अ‍ॅलर्जी येऊ शकते, कधी जिवावर बेतणारी, म्हणून आधी स्टेरॉइड द्यावं लागतं. नॅनोत ते द्रावक नाही. रक्तातलंच अल्ब्युमिन हे प्रथिन औषधाला बांधून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण केलेले असतात. अमेरिकेत २००५ साली त्याला मान्यता मिळाली.

माझं मत फिरलं ते स्टेरॉइडमुळं. माय जुनी शुगरची पेशंट. डोसच्या बारा तास आधी आणि सहा तास आधी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्या, म्हणजे रात्री दहाला एकदा आणि पहाटे चारला उठवून परत. मग लातूरची एसटी, तिथं तीन तासांचं सलाइन, गावी पोचूस्तोर अंधार. पहिल्या डोसच्या रात्री ग्लुकोमीटरवर आकडा आला ४१२. सारखं लघवीला उठणं, तोंडाला कोरड, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. इन्सुलिन वाढवावं, तर तिसऱ्या दिवशी स्टेरॉइडचा जोर ओसरून साखर खाली यायची आणि तिला दरदरून घाम फुटायचा. तिन्ही डोसांना हेच झालं. तिसऱ्यानंतर ती म्हणाली, "लेकरा, सुईचं काही वाटंना मला, पहाटं उठवायचं तेवढं बंद कर."

डॉक्टरांशी बोलून चौथ्यापासून नॅनो घेतलं. दुधासारखं पांढरं सलाइन, अर्ध्या तासात संपलं. आधी उलटीचं इंजेक्शन तेवढं. साखर दोनशेच्या आसपास राहिली.

मात्र नॅनो म्हणजे औषध नेमकं गाठीवरच जाऊन बसतं, असं कुणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका. केस दोन्हींत जातात. आणि बोटं बधिर होण्याचा त्रास नॅनोत जास्त दिसतो. मान्यतेमागच्या ४५४ बायकांच्या अभ्यासात, दर तीन आठवड्यांच्या डोसावर, तीव्र त्रास नॅनोच्या गटात १० टक्के आणि साध्याच्या गटात २ टक्के होता. गाठ आक्रसली ती मात्र ३३ टक्क्यांत, साध्यात १९. मायला भाकरी थापताना तळहाताखाली पीठ जाणवेनासं झालं होतं. शेवटच्या डोसानंतर महिना-दीड महिन्यानं जाणवायला लागलं. शुगरनं आधीच पायाला मुंग्या येत असतील, तर हे डॉक्टरांना ठळकपणे सांगा.

पैशाचंही पाहा. नॅनो महाग पडतं, आणि आरोग्य योजनेत कुठलं बसतं ते डोस ठरण्याआधी आरोग्यमित्राला विचारून घ्या. साधं औषध दर आठवड्याला कमी मात्रेत देतात, त्या पद्धतीपुढं नॅनो सरस ठरलं नाही, असं पुढच्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. त्यामुळं शुगर नसेल, अ‍ॅलर्जी आली नसेल, तर साध्यावर समाधानानं राहावं असं मला वाटतं. शुगर असेल आणि पैशाची सोय होत असेल, तर माझा कल नॅनोकडं आहे. अ‍ॅलर्जी आली किंवा स्टेरॉइड देणं धोक्याचं असलं तर असा बदल करता येतो, हे अमेरिकेतल्या एनसीसीएन या कॅन्सर रुग्णालयांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. म्हणून डॉक्टरांना एवढंच विचारा, की हिला स्टेरॉइड टाळता येईल का.

चौथ्या डोसच्या आदल्या रात्री माय नऊलाच आडवी झाली. सवयीनं मी चारला जागा झालो आणि तिच्या खाटेपाशी गेलो. ती गाढ झोपली होती.