राजारामपुरीत नंबरच्या चष्म्याला टिंट करून घेतला

नंबरचा गॉगल करायचा असेल तर टिंट, म्हणजे काचेला द्यायचा रंग, दुकानाच्या लाईटखाली ठरवू नका. मी कोल्हापुरात राजारामपुरी मेन रोडच्या एका छोट्या दुकानात करून घेतला, तिथल्या दादांनी सॅम्पलच्या काचांचा डबाच हातात दिला, म्हणाले "जावा भाईर उन्हात, हितं ट्यूबखाली काय कळतंय व्हय". तिथंच दुकान पटलं.

माझं रोजचं शिरोली एमआयडीसीला बाईकवर जाणं, सकाळी जाताना ऊन तोंडावर आणि संध्याकाळी येताना परत तोंडावरच. ग्रे धरला की उजेड कमी होतो पण रंग आहेत तसेच राहतात. ब्राऊन धरला तर रस्त्यातले खड्डे आणि पॅच मारलेलं डांबर एकदम उठून दिसायला लागलं, मग आपल्या रस्त्यांवर दुसरं काय घेणार, ब्राऊनच फायनल. हिरवा चांगला वाटला पण खड्ड्यांच्या बाबतीत ब्राऊनएवढा नाही. रात्रीसाठी पिवळा विचारला तर दादा सरळ नको म्हणाले, टिंट कुठलाबी असूदे, उजेड कमीच करणार, आणि रात्री तो आधीच कमी असतोय.

८५ टक्के केला, म्हणजे आत १५ टक्केच उजेड येतो, दिवसा गाडीवर एवढं बास. ८ टक्क्यांच्या खाली उजेड येणारी काच कॅटेगरी ४ मध्ये, म्हणजे गॉगलच्या सगळ्यात काळ्या प्रकारात जाते आणि ती घालून गाडी चालवायची नसते, त्यामुळं "अजून काळा करा" म्हणून मागं लागू नका. आणि काळी काच म्हणजे युव्ही (उन्हातले अतिनील किरण) थांबलं असं नसतं हां, उलट काळ्या काचेमागं बुबुळाची बाहुली मोठी होते आणि युव्ही जास्त आत जातं, म्हणून युव्ही-४०० (युव्ही अडवणारी काच) वेगळं विचारून घ्या. फोटोक्रोमिकचा विचार होता पण ती काच युव्हीवर काळी होते आणि हेल्मेटची काच बरंचसं युव्ही अडवते, वर मे महिन्याच्या उकाड्यात ती तेवढी काळी होतच नाही, म्हणून राहू दिलं.

काच सीआर-३९ ची, म्हणजे चष्म्याच्या नेहमीच्या प्लास्टिकची घेतली, ती गरम रंगाच्या पाण्यात बुडवली की रंग चांगला धरते, पॉलीकार्बोनेट तसा धरत नाही (पण पॉलीकार्बोनेटची काच फुटायला जास्त चिवट, तेवढं ज्याचं त्यानं बघावं). मागच्या बाजूला अँटी-ग्लेअर कोटिंग मात्र करूनच घ्या, नाहीतर पाठीमागनं ऊन आलं की काचेत आपलाच डोळा दिसत बसतो.

तक्रार एकच, पहिल्यांदा चष्मा आला तेव्हा पांढऱ्या कागदावर ठेवला तर उजवी काच डावीपेक्षा जरा फिकी. दाखवल्यावर वाद न घालता परत रंगात टाकून दिली, पण सांगितलेल्या दिवसाच्या पुढं काम गेलं आणि फोन काय आला नाही, आपणच विचारायचं. टिंटचे पैसे वाजवी घेतले. सोबत दिलेली केस मात्र एकदम फालतू आहे, झाकण नीट बसतच नाही.